सतराव्या खिळ्यावरचे सहा महिने

मित्रांनो, मी पितळेची एक जुनी चावी आहे. माझे दात झिजले आहेत, अंगावरची चकाकी जाऊन कुठे काळे तर कुठे हिरवट डाग पडले आहेत. हल्ली मी एका पत्र्याच्या डब्यात स्क्रू, वॉशर आणि एका मोडक्या बिजागरीसोबत पडून असते. चावीने स्वतःबद्दल असे काय सांगायचे, असे तुम्हाला वाटेल. मलाही तसेच वाटत असे. पण ज्यांच्या खिशात मी आयुष्य काढले, त्यांची हकिगत कोणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

माझा जन्म चौकातल्या एका कुलूपवाल्याच्या टपरीत झाला. एका नव्या जोडप्याने तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचे घर घेतले होते आणि त्यांना दाराची एकच चावी मिळाली होती. कुलूपवाल्याने ती यंत्राच्या एका अंगाला बसवली, दुसऱ्या अंगाला मला बसवले आणि तिची एक एक खाच माझ्यावर उतरवली. खूप दुखले. मग त्याने मला कानशीने घासले, फुंकर मारली आणि म्हणाला, "मूळ चावीपेक्षा ही बरी चालेल बघा. पितळ आहे, गंजणार नाही." जन्मल्याबरोबर एवढे कौतुक वाट्याला आल्यावर मी जरा फुगलेच.

मूळ चावी काकूंकडे राहिली आणि मी काकांकडे गेले. त्या काळी ते काका-काकू नव्हते, पण पुढे सगळी इमारत त्यांना तसेच म्हणू लागली, म्हणून मीही म्हणते. काका पोस्टमन होते. त्यांच्या खिशात सायकलची चावी, टपालपेट्यांच्या चाव्या असा आधीच खुळखुळाट होता. अंधाऱ्या जिन्यात घोटाळा नको म्हणून त्यांनी माझ्या माथ्यावर कानशीने एक आडवी खाच पाडून घेतली. खिशात हात घातला की त्यांचा अंगठा त्या खाचेवर यायचा आणि मी बाहेर यायचे.

काकू शिवणकाम करीत. बाहेरच्या खोलीत खिडकीशी त्यांचे मशीन होते. दुपारी तीनच्या सुमारास जिन्यावर पावले वाजली की मशीन थांबे. काकू आत असल्या तरी काका मला वापरूनच दार उघडत. "उठवायचं कशाला उगाच," असे म्हणत. दाराला टपालासाठी एक फट होती, तीही त्यांनीच करवून घेतली होती. पोस्टमनच्याच दाराला फट नसेल तर लोक काय म्हणतील, असे त्यांचे म्हणणे. दिवसाकाठी कितीतरी मैल चालूनही ते चोपन्न पायऱ्या दमादमाने कधी चढले नाहीत. मित्रांनो, माझी कामाची वर्षे अशी गेली. रोज एकच कुलूप, रोज तोच हात. मला दुसरे काही नको होते.

काका निवृत्त झाले आणि वर्षभरातच त्यांना झटका आला. सकाळी दाढी करताना हातातला वस्तरा पडला आणि पाठोपाठ ते. उजवी बाजू लुळी पडली, बोलणे जड झाले. दवाखान्यातून परत आणताना चार माणसांनी त्यांना खुर्चीत बसवून वर चढवले. दर मजल्यावर खुर्ची टेकवावी लागली. आयुष्यभर जिने चढलेला माणूस आपल्याच जिन्यात डोळे मिटून बसला होता.

व्यायाम शिकवायला एक डॉक्टरीणबाई येत. त्यांनी काकूंना बाजूला घेऊन सांगितले, "पहिल्या सहा-आठ महिन्यांत पाय जेवढा परत येईल तेवढा आपला. नंतर फार आशा नाही. त्यांना रोज दोन वेळा चालवा. सपाट रस्त्यावर, मोकळ्या हवेत. इथे खोलीत भिंती धरून काही होणार नाही."

काकूंनी त्याच आठवड्यात ठरवले, हे घर विकायचे आणि तळमजल्यावर जायचे. जागाही हेरली. बागेला लागून एका म्हाताऱ्या नर्सबाईंचे बैठे घर होते, पुढे अंगण आणि समोर सपाट, शांत रस्ता. नर्सबाई भावाकडे राहायला जाणार होत्या. त्या म्हणाल्या, "तुमचं विकलं जाईपर्यंत थांबते मी. पण अगदी अंत पाहू नका." तोवर काका-काकू काकांच्या धाकट्या बहिणीकडे राहायला गेले. तिने मागची एक खोली रिकामी करून दिली. मनाने ती चांगली होती, पण तिच्या बोळात दिवसभर मालाचे ट्रक मागे-पुढे होत. तिथे धडधाकट माणूसही अंग चोरून चालायचा. काका खोलीतच राहिले.

मग काकू एजंटाकडे गेल्या. मी त्यांच्या पर्समध्ये होते. काका बाहेर पडत नव्हते, त्यामुळे त्यांची चावी मोकळीच होती.

एजंटाचे ऑफिस काचेच्या दाराचे, थंडगार. तो स्वतः गोड बोलणारा, केसांना नीट भांग पाडलेला. "काकू, तुमची जागा म्हणजे एक नंबर. लिफ्ट नाही एवढंच. पंधरा दिवसांत पार्टी उभी करतो," तो म्हणाला. "फक्त सहा महिने दुसऱ्या कुणाकडे द्यायची नाही आणि स्वतःही कुठे पाटी लावायची नाही. चार जण दाखवायला लागले की जागेची किंमत राहत नाही."

"आणि तुमच्याकडून नाहीच झालं तर?" काकूंनी विचारले.

"तसं होत नाही, काकू."

काकूंनी सही केली. एजंटाच्या मागच्या भिंतीवर लाकडी फळी होती, तिच्यावर नंबर घातलेले खिळे होते. त्याने मला सतराव्या खिळ्यावर अडकवले आणि माझ्या गळ्यात एक कागदी चिठ्ठी बांधली.

मला वाटले होते, आता रोज नवी माणसे मला घेऊन जातील, आमचा उजेड पाहतील, खिडकी पाहतील. शेजारच्या खिळ्यांवरच्या चाव्या सकाळी जात आणि हातांची ऊब घेऊन परत येत. त्या नव्या, लिफ्टच्या इमारतींतल्या मोठ्या घरांच्या होत्या, त्यांवर एजंटाला दलालीही मोठी मिळे. मी लटकून राहिले. पहिला महिना गेला, मग दुसरा. माझ्यावर बसलेली धूळ पुसायलासुद्धा कोणी मला खिळ्यावरून काढले नाही.

दर सोमवारी अकरा वाजता काकूंचा फोन येई. टेबलाशी बसणाऱ्या चष्मेवाल्या बाई तो घेत आणि रिसीव्हरवर हात ठेवून म्हणत, "साहेब, सतरा नंबर." एजंट मोबाइलमधून मान वर न करता सांगे, "काल एक पार्टी बघून गेली म्हणा. स्वयंपाकघर लहान वाटलं." पुढच्या सोमवारी, "जिना फार, म्हणा." त्याच्या पुढच्या सोमवारी त्याला काही सुचेना, तेव्हा तो म्हणाला, "उजेड कमी वाटला म्हणा."

त्या दिवशी काकूंचा आवाज फोनबाहेर भिंतीपर्यंत आला. "उजेड कमी? तिसऱ्या मजल्यावर? अहो, तीस वर्षं मी त्या उजेडात सुई ओवलीय."

"मी सांगते साहेबांना," चष्मेवाल्या बाई म्हणाल्या आणि फोन ठेवून बराच वेळ आपली नखे पाहत बसल्या.

खोटे कशाला बोलू, तिसऱ्या महिन्यात एकदा त्याने मला खिळ्यावरून काढले. एक जोडपे आले होते. बाईंच्या हातात मोजायची टेप होती आणि त्यांना आमचाच रस्ता हवा होता. मी एजंटाच्या खिशात सुपारीच्या पुड्यांमध्ये बसले आणि आनंदाने नुसती हलत होते. आमचा जिना मला पायऱ्यांच्या आवाजावरून ओळखू आला. पहिला मजला झाला, दुसरा झाला. तिथे त्याचा फोन वाजला. त्याने तो घेतला, हळू आवाजात काही बोलला आणि जोडप्याकडे वळून म्हणाला, "चला, याच्यापेक्षा चांगलं दाखवतो. लिफ्टवालं. वरच्या घराला तशी ओलही आहे."

"एवढं आलोय तर बघून घेऊ ना," बाई म्हणाल्या. "एकच मजला राहिलाय."

"तुमचाच वेळ जाईल, ताई."

आमच्या भिंतींना कधी ओल नव्हती. मित्रांनो, चावीला दात असतात, पण आवाज नसतो. माझे दार माझ्यापासून अठरा पायऱ्यांवर होते आणि मी परत फिरले. त्या सोमवारी काकूंना निरोप गेला, पार्टी बघून गेली, ओल आहे म्हणाली, भाव थोडा उतरवला तर बघू.

पुढचे मला नंतर काकूंच्या तोंडून कळले. चौथा महिना संपता संपता त्यांना मोठी कात्री हवी होती, ती मशीनच्या खणात राहिली होती. इतके दिवस काकांना एकटे सोडून त्या लांब कुठे गेल्या नव्हत्या. त्या दिवशी नणंदेला बसवून त्या घरी गेल्या, आपल्या चावीने दार उघडले, साचलेले टपाल उचलून पिशवीत भरले, कात्री घेतली आणि परत आल्या.

काका पलंगावर बसून होते. त्यांनी पिशवीकडे पाहिले. शब्द जुळवत ते म्हणाले, "टपाल... कसं पडलं होतं?"

"कसं म्हणजे? दाराशी होतं. ढीग. दार ढकलायला जड गेलं."

"पसरलं होतं... की एकावर एक?"

"एकावर एक. मी तसंच उचललं." काकूंनी गठ्ठा बाहेर काढला.

काकांनी डाव्या हाताने तो उलटा केला. सगळ्यात खाली विजेचे बिल होते, ते घर सोडून गेले त्याच आठवड्याचे. त्यावर पुढच्या महिन्याचे, त्यावर त्याच्या पुढचे, पत्त्यांच्या कॅटसारखे नीट लागलेले.

"आपलं दार आत उघडतं," ते म्हणाले. "एकदा जरी उघडलं असतं... तर तोवरचं टपाल भिंतीकडे सरकलं असतं. मग नवीन पडतं ते दाराशी... वेगळं." ते थांबले, दम घेतला. "चाळीस वर्षं फटीतून टपाल टाकलंय मी. ते दार कुणी उघडलेलंच नाही."

"अहो, तेरा पार्ट्या बघून गेल्या म्हणतो तो."

"हवेतून गेल्या असतील."

काकूंनी तिथूनच एजंटाला फोन लावला आणि करार मोडायचा आहे, असे सांगितले. यावेळी फोन त्याने स्वतः घेतला, म्हणून मी ऐकले. "असं फोनवर नाही होत, काकू," तो म्हणाला. "करारात कलम आहे. मुदत संपायच्या एक महिना आधी लेखी कळवावं लागतं. नाहीतर पुढचे सहा महिने आपोआप सुरू. या की एकदा निवांत, बघू आपण."

काकू निवांत गेल्या नाहीत. काकांनी मजकूर सांगितला आणि त्यांनी लिहून काढला. "रजिस्टरने पाठव," काका म्हणाले. "पोचपावती जोडून. साध्या टपालाने पाठवलेलं पत्र मिळालंच नाही म्हणतात ही माणसं. मला माहीत आहेत."

ते पत्र ऑफिसात आले तेव्हा मी भिंतीवर होतेच. चष्मेवाल्या बाईंनी सही केली आणि पाकीट साहेबांसमोर ठेवले. त्याने पाठवणाऱ्याचे नाव वाचले, "बघू," म्हणाला आणि पाकीट न फोडताच खणात टाकले.

त्यानंतर पंधरा दिवसांनी नर्सबाईंनी आपले घर दुसऱ्याला दिले. निरोप द्यायला त्या स्वतः नणंदेच्या घरी आल्या आणि अवघडून बसल्या. "पाच महिने थांबले हो मी," त्या म्हणाल्या. "भाऊ आता ऐकेना." काकूंनी त्यांना दोष दिला नाही. तो द्यायची जागा त्यांना ठाऊक होती.

सहा महिने भरले त्याच्या दुसऱ्या दिवशी काकू ऑफिसात आल्या. बसा म्हटल्यावरही बसल्या नाहीत.

"माझी चावी द्या," त्या म्हणाल्या.

"काकू, एवढी काय घाई? आता कुठे मार्केट उठतंय. आणि करार तर पुढे चालू झालाय. तुमचं लेखी काही आलंच नाही आमच्याकडे."

काकूंनी पर्समधून गुलाबी पोचपावती काढून टेबलावर ठेवली. "ही सही कुणाची?"

एजंटाने चष्मेवाल्या बाईंकडे पाहिले. त्यांनी पावती पाहिली. मग म्हणाल्या, "माझीच आहे. तुमच्या उजव्या खणात आहे ते पत्र, साहेब."

"असेल. राहून गेलं असेल," तो हसून म्हणाला. "पण काकू, कष्ट तर आम्ही केलेत ना. तेरा पार्ट्या दाखवल्या."

"नावं सांगा."

"अशी तोंडपाठ कशी असतील?"

"एकाचं सांगा."

त्याने पेनाचे टोपण काढले आणि परत लावले.

"डॉक्टर म्हणाल्या होत्या, सहा-आठ महिन्यांत पाय येईल तेवढा येईल," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "तेवढेच महिने तुम्हाला दिले होते मी. जमत नव्हतं तर पहिल्या महिन्यात सांगायचं होतं. मी दारोदार फिरून विकलं असतं घर. तुमच्या त्या 'बघू'मध्ये माझ्या नवऱ्याचा पाय गेला."

"आता त्याला मी काय करणार? ती मेडिकल बाब झाली," तो म्हणाला. पण करारनाम्यावर त्याने 'रद्द' असे लिहिले आणि सही केली. मग मागे वळून फळीवरची एक चावी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

काकूंनी ती पाहिली. "ही आमची नाही."

तो गोंधळला. त्याने दुसरी काढली, तीही माझी नव्हती. सहा महिन्यांत माझ्या गळ्यातली चिठ्ठी गळून पडली होती आणि मी कुठल्या खिळ्यावर आहे हे त्याला आठवत नव्हते. चष्मेवाल्या बाई उठल्या, त्यांनी मला सतराव्या खिळ्यावरून काढले, पदराने पुसले आणि काकूंच्या हातात दिले. "माफ करा," त्या इतक्या हळू म्हणाल्या की एजंटाला ऐकू गेले नसावे. काकूंनी मान हलवली. माफ केले की नाही, ते मला कळले नाही. पर्स बंद होण्याआधी मी पाहिले, एजंटाने त्या रिकाम्या खिळ्यावर दुसरी एक चावी अडकवली. ती चकचकीत होती आणि बहुधा तिलाही कोणी सांगितले असेल, पंधरा दिवसांत.

काकूंनी वहीच्या कागदावर चार ओळी लिहून बेकरीच्या काचेवर चिकटवल्या. पहिल्या आठवड्यात पाच जण घर पाहून गेले. खरेच पाहून गेले, मी स्वतः दार उघडले. तिसऱ्या आठवड्यात एका बसड्रायव्हरने आणि त्याच्या बायकोने घर पसंत केले. तिला खिडकीतला उजेड सगळ्यात आवडला. काकूंनी ते ऐकले आणि तोंड फिरवून पडदे काढायला घेतले.

काका-काकूंना तळमजल्यावर जागा मिळाली. बाग जवळ नव्हती, पण रस्ता सपाट होता. डॉक्टरीणबाई तिथे आल्या, काकांचा पाय उचलून पाहिला, सोडला, पुन्हा उचलला. "चालवत राहा," त्या म्हणाल्या. मात्र या वेळी त्यांनी काकूंना बाजूला घेऊन काही सांगितले नाही. सांगण्यासारखे राहिले नव्हते.

नव्या मालकांना चावी देण्याचा दिवस आला. ड्रायव्हरची बायको ती न्यायला आली होती. मूळ चावी काकूंनी दिली. मला मात्र काका स्वतः देणार होते, आणि तेही उजव्या हाताने. काकूंनी मला त्यांच्या तळव्यावर ठेवले. त्यांचा अंगठा खाचेकडे सरकू पाहत होता. तो सरकेना. हात पुढे आला, कलला आणि मी फरशीवर पडले. माझा आवाज फार मोठा वाटला.

"राहू द्या काका, मी घेते," ती मुलगी खाली वाकली. "तसंही आम्ही कुलूप बदलून घेणारच आहोत. चावी आधी कुणाकुणाच्या हातात असते, सांगता येत नाही ना."

"एजंटाकडे होती," काका सावकाश म्हणाले. "सहा महिने. पण त्याने... वापरली नाही."

"मग बरंच झालं की," ती म्हणाली.

तिच्या मनात काही वाकडे नव्हते. तिला काय माहीत असणार? काकूंनी खिडकीबाहेर पाहिले. काकांनी आपला हात डाव्या हाताने उचलून मांडीवर नीट ठेवला. पुढे कुलूप बदलले आणि मी ड्रायव्हरच्या घरच्या या पत्र्याच्या डब्यात आले.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल तेव्हा कोणीतरी आपली एखादी गोष्ट विश्वासाने तुमच्या हाती देईल, चावी म्हणा, कागद म्हणा, आणि घरी जाऊन तुमच्या निरोपाची वाट पाहील. त्या वस्तूवर धूळ बसू देऊ नका. काम होणार नसेल तर त्याच दिवशी तोंडावर नाही म्हणा. ते ऐकून माणूस रागावेल, पण उठून दुसरे दार तरी ठोठावील. 'बघू' म्हटलेत तर तो तिथेच बसून राहील. माझे काका बसून राहिले.